इजिप्ती ‘रक्स शर्की’चे अध्ययन व बहुगुरुत्वाचा प्रश्न

एखादी कला कोणाकडून शिकावी हा प्रश्न आपणांस सहज सुचतो. ती किती जणांकडून शिकावी हा प्रश्न मात्र आपल्याकडे अडचणीचा समजला जातो. घराण्याच्या कल्पनेवर ज्यांचा पिंड पोसला आहे त्यांस एका उस्तादाचा गंडा बांधल्यावर विद्येसाठी दुसऱ्याच्या दारी जाणे निष्ठेच्या दृष्टीने नसले तरी शैलीच्या दृष्टीने धोक्याचे वाटते. गायनाचार्य भास्करबुवा बखले ह्यांनी फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ अशा तीन भिन्न परंपरांच्या उस्तादांकडून विद्या संपादन केली, हे आपण आजही कौतुकाने सांगतो; पण त्या कौतुकातच ती गोष्ट अपवादात्मक असल्याची कबुली दडलेली असते. प्रस्तुत लेखात ज्या नृत्याचा विचार करावयाचा आहे तेथे हा अपवादच नियम होऊन बसला आहे. इजिप्तमधील ‘रक्स शर्की’ ह्या नृत्याची विद्यार्थिनी, मग ती कैरोची असो की परदेशातून आलेली असो, अनेक शिक्षकांकडून शिकते, आणि त्या शिक्षकांचे धडे पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. हे तिच्या चंचलपणाचे लक्षण मानावे, की त्या कलेच्या घडणीतच त्याचे कारण शोधावे? माझे मत दुसऱ्या पक्षास अनुकूल आहे, व त्याची कारणे पुढे मांडण्याचा यत्न केला आहे.

प्रथम नावाविषयी थोडेसे. ‘रक्स’ म्हणजे नृत्य व ‘शर्की’ म्हणजे पूर्वेकडील. पूर्वेकडच्याच लोकांनी आपल्या नृत्याला ‘पूर्वेकडील’ म्हणावे हे थोडे चमत्कारिक आहे. पाश्चात्त्य नृत्यांशी रंगमंचावर शेजार घडल्यावाचून असे नाव सहसा पडत नाही. ‘बेली डान्स’ हे इंग्रजी नाव फ्रेंचमधील तशाच अर्थाच्या शब्दप्रयोगावरून आले, व १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत सर्वतोमुखी झाले. मराठीत त्याचे ‘उदरनृत्य’ असे भाषांतर करता येईल, परंतु ते टाळलेले बरे. ह्या नृत्याचे मुख्य अधिष्ठान उदर नसून कटिप्रदेश आहे. ह्याच नृत्याच्या घरगुती रूपास ‘रक्स बलदी’ म्हणतात. ‘बलदी’ म्हणजे आपल्या गावचे, देशी. आपल्याकडील ‘देशी’ व ‘मार्गी’ ह्या जुन्या भेदाची येथे कोणासही आठवण होईल. मात्र इजिप्तमध्ये मार्गी बाजूस ग्रंथ नाही, लक्षणकार नाही, की हस्तमुद्रांची यादीही नाही. बलदीला रंगमंच मिळाला, मोठा वाद्यवृंद मिळाला, आणि ते शर्की झाले, असे ढोबळ मानाने म्हणता येते.

बलदी नृत्य इजिप्ती मुलीला कोणी शिकवीत नाही. लग्नघरी किंवा बारशासारख्या प्रसंगी स्त्रियांच्या बैठकीत आई, मावशी, आत्या, शेजारीण अशा पाळीपाळीने उठतात, कमरेला एखादा रुमाल आवळतात आणि नाचतात. बाकीच्या टाळ्या देतात. लहान मुली हे पाहतात, मध्येच ओढून उभ्या केल्या जातात, हसे होते, पुन्हा उभ्या राहतात. दहा-बारा वर्षांची होईतो मुलीच्या अंगी जो काही डौल येतो तो अशा अनेकींच्या अंगांतून उचललेला असतो. म्हणजे ह्या विद्येत पहिला गुरूच मुळी एकवचनी नाही. पुढे ज्या मुलीने हे नृत्य पेशा म्हणून पत्करले तिला दुसरा, तिसरा गुरू जोडावा लागला तरी त्यात तिला काही विपरीत वाटण्याचे कारण नव्हते.

पेशेवाईक नर्तकींचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एडवर्ड लेन ह्याने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इजिप्ती लोकांच्या चालीरीतींवरील ग्रंथात दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे केले आहेत: रस्त्यावर व अंगणांत नाचणाऱ्या ‘गवाझी’ आणि घरंदाज स्त्रियांच्या महालात गाणाऱ्या ‘अवालिम’. परदेशी प्रवासी हे दोन्ही वर्ग एकच समजतात अशी त्याची तक्रार होती. ‘अवालिम’ हे ‘आलिमा’चे अनेकवचन, आणि आलिमा म्हणजे विद्यावती. इल्म, आलिम आणि तालीम ही सर्व एकाच अरबी धातूची संतती होय. आखाड्याला, गाण्याच्या शिक्षणाला व नाटकाच्या सरावाला आपण मराठीत जो ‘तालीम’ शब्द लावतो, त्याच धातूपासून इजिप्तमधील ह्या कलावतींचे नाव निघाले आहे. त्यांच्या धंद्याकडे एके काळी विद्येचा धंदा म्हणून पाहिले जात होते, एवढे तरी त्यावरून निश्चित होते; पुढे त्या नावाला जी हीन छटा आली तिच्यामुळे हे विसरता कामा नये.

१८३४ मध्ये मुहंमद अली पाशाने सार्वजनिक नर्तकींना कैरोतून हद्दपार केले व त्यांची रवानगी कना, एस्ना, अस्वान अशा दक्षिणेकडील गावी झाली. बंदी पुढे ढिली पडली, नर्तकी परतल्या, आणि विसाव्या शतकारंभी त्यांची वस्ती ज्या रस्त्याभोवती एकवटलेली आढळते त्या रस्त्याचे नाव मुहंमद अली रस्ता. दैवगतीचा विनोद म्हणतात तो हाच! ह्या रस्त्यावर वाद्ये बनविणारे, वादक, गायिका व नर्तकी शेजारी शेजारी राहत, आणि लग्नासाठी पथक हवे असलेले यजमान तेथे येऊन ठरावठराव करीत.

पथकाची प्रमुख बाई ‘उस्ता’ म्हणविली जाई. हा शब्द आपल्या ‘उस्ताद’चेच भावंड आहे, पण दोघांच्या कामात बराच फरक आहे. उस्ता नवी मुलगी हाताखाली घेई, तिचा पोशाख व वागणूक पाही, यजमानांशी व्यवहार करी. परंतु समोर बसवून धडा देण्याची पद्धत तेथे नव्हती. मुलगी पथकाबरोबर लग्नाला जाई, थोरलींच्या मागे उभी राहून बोटांतील ‘सागात’ नामक लहान झांजा वाजवी, त्यांचे पाहून नाचे, आणि समोरच्या मंडळींना काय रुचते ते ध्यानात ठेवी. कारिन फान न्यूकर्क ह्या डच मानवशास्त्रज्ञ विदुषीने इजिप्तमधील गायिका व नर्तकींवर १९९५ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ह्या रस्त्यावरील जीवनाचे सविस्तर चित्र आले आहे. आपला धंदा इतर धंद्यांसारखाच आहे हे ह्या स्त्रियांचे म्हणणे तिने ग्रंथाच्या नावातच घेतले आहे. तमाशातील स्त्रीकलावंतांच्या वाट्याला आलेली दुहेरी वागणूक, म्हणजे लग्नाला त्यांचा फड हवा पण सोयरीक नको, ही ज्यांना परिचित आहे त्यांना ते चित्र परके वाटणार नाही.

ह्या पार्श्वभूमीवर १९२६ साली बदिया मसाबनी ह्यांनी कैरोत आपली रंगशाला काढली. मूळच्या दमास्कसच्या ह्या बाईंनी लग्नाच्या मांडवातील नृत्य विजेच्या दिव्यांखाली आणले. मांडवात प्रेक्षक भोवताली असत व नर्तकीला हातभर जागा मिळे; येथे प्रेक्षक एका बाजूस बसले आणि समोर रुंद रंगमंच मोकळा पडला. मग बाहूंना काम मिळाले, रंगमंचभर फिरणे आले, मागे समूह आला, व ही सर्व मांडणी करण्यासाठी पाश्चात्त्य नृत्याची जाण असलेले रचनाकारही आले. एकाच संस्थेत मुलगी बदियाबाईंकडून एक, रचनाकाराकडून दुसरे, वाद्यवृंदाकडून तिसरे व शेजारच्या मुलीकडून चौथे असे शिकू लागली.

त्याचा परिणाम पाहण्यासारखा झाला. ह्या एकाच रंगशाळेतून तहिया करियोका व सामिया गमाल ह्या दोघी पुढे आल्या, आणि त्यांची नृत्ये चित्रपटांत शिल्लक असल्यामुळे आज कोणासही ती ताडून पाहता येतात. तहियाबाई जवळजवळ जागच्या हलत नाहीत. वजन जमिनीत रुतलेले, हालचाल लहान, आणि तालाच्या किंचित मागे रेंगाळणारी अशी की प्रेक्षकालाच घाई व्हावी. एडवर्ड सैद ह्यांनी किशोरवयात त्यांचे नृत्य पाहिले होते, व १९९० मध्ये त्यांच्यावर लिहिलेल्या निबंधात ह्याच निश्चलतेचा गौरव केला. सामियाबाईंचे अगदी उलट: त्या वाहत्या असतात, बाहू पसरलेले, पावले रंगमंचभर; पाश्चात्त्य बॅलेचा स्पर्श लपत नाही. घराण्याच्या भाषेत बोलावयाचे तर ह्या दोघी एका घरातल्या आहेत हे ऐकून पटू नये. नईमा आकिफ ह्यांची तालीम ह्याहून निराळी. त्यांचे कुटुंब सर्कसवाल्यांचे, आणि कसरतीने कमावलेले शरीर त्यांच्या प्रत्येक गिरकीत दिसते. सुहैर झकी ह्यांनी तर रीतसर शिक्षण असे घेतलेच नाही. नभोवाणीवरील गाणी व चित्रपट हेच त्यांचे विद्यालय. उम्म कुल्सुम ह्यांच्या गीतांच्या संगीतावर नृत्य करण्याचा पायंडा त्यांनीच पाडला असे मानले जाते. त्या गायिकेचे इजिप्तमधील स्थान ध्यानात घेतले म्हणजे हे धाडस केवढे होते ते कळेल.

१९५९ मध्ये ह्या कथेला वेगळे वळण लागले. महमूद रिदा हे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भाग घेतलेले व्यायामपटू. त्यांनी बंधू अली रिदा व नर्तकी फरीदा फहमी ह्यांच्यासह एक नृत्यसंघ स्थापला. त्यांचा मूळ विषय शर्की नव्हे, तर निरनिराळ्या प्रांतांतील लोकनृत्ये. आणि तीही जशीच्या तशी नव्हेत, तर प्रांतोप्रांती हिंडून पाहिलेल्या चालींवरून रंगमंचासाठी रचलेली. फरीदाबाईंनी १९८७ मध्ये लॉस एंजेलिस येथील विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात ही रचनापद्धती उलगडून दाखविली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ह्या संघात प्रथमच इजिप्ती हालचाली आरशासमोर, मोजून, क्रमाने शिकविल्या जाऊ लागल्या. मध्यमवर्गीय घरांतील मुलीमुले तेथे येऊ शकली. सरकारनेही ह्याच सुमारास लोकनृत्याचा राष्ट्रीय संघ व १९५८ मध्ये बॅलेची उच्च संस्था काढली. रक्स शर्कीसाठी मात्र शासनाने कधी विद्यालय काढले नाही. ज्या नृत्यासाठी देश जगभर ओळखला जातो तेच अभ्यासक्रमाबाहेर राहिले, आणि ते शिकविण्याचे काम रिदा-संघातून बाहेर पडलेल्यांच्या, निवृत्त नर्तकींच्या व चित्रपटांतील रचनाकारांच्या खाजगी वर्गांवर पडले. कैरोतील आजचा शिक्षकवर्ग मुख्यतः असा, निरनिराळ्या वाटांनी आलेला आहे.

आता प्रत्यक्ष वर्गात काय घडते ते पाहू. इजिप्ती शिक्षक बहुधा बोलत नाही. तो किंवा ती पाठमोरी उभी राहते, संगीत सुरू होते, आणि विद्यार्थिनींनी मागे उभे राहून अनुसरावयाचे. उस्ताच्या पथकातील जुनीच रीत ही. परदेशी विद्यार्थिनी प्रश्न विचारतात, व उत्तर म्हणून पुष्कळदा तीच हालचाल पुन्हा करून दाखविली जाते. येथपर्यंत ठीक, पण दुसऱ्या शिक्षकाकडे गेल्यावर तीच हालचाल निराळी दिसते. कमरेचे जे जलद कंपन ह्या नृत्याचे प्राणभूत अंग, ते एक शिक्षिका गुडघ्यांच्या आळीपाळीच्या लहान हेलकाव्यांतून काढते. दुसरी गुडघे स्थिर ठेवून स्नायूंच्या आकुंचनातून. तिसरी म्हणते की काढू नका, पाय सैल सोडा, ते आपोआप येईल. रिदा-पद्धतीत वाढलेला शिक्षक टाचा उचलावयास लावतो, छाती उभारतो. बलदीच्या वळणाची बाई तळवा जमिनीवर पूर्ण टेकवून बसके उभे राहावयास सांगते. कमरेचा ठोका वर द्यावयाचा की खाली, ह्यावर दोघांची मते उलट असतात, व दोघांचेही नृत्य सुंदर असते.

ह्या विसंगतीचे एक कारण असे की ह्या हालचालींना सर्वमान्य नावे नाहीत. नाव नसले म्हणजे व्याख्या नाही, आणि व्याख्या नसली म्हणजे चूक कोणती तेही ठरत नाही. नावांची पहिली मोठी यादी इजिप्तमध्ये झालीच नाही. ती कॅलिफोर्नियात जमीला सलिमपूर ह्या अमेरिकन शिक्षिकेने केली. तिने पाहिलेल्या निरनिराळ्या नर्तकींच्या लकबी वेगळ्या काढून त्यांना नावे दिली, काही तर त्या नर्तकींचीच. हे कार्य मोठे खरे, परंतु त्यात एक मेख आहे. जी लकब एका नर्तकीच्या अंगाची, तिच्या वजनाची व स्वभावाची होती, ती नाव मिळताच सुटी झाली व कोणाच्याही अंगावर चढविता येऊ लागली.

मला असे वाटते की, शिक्षकांच्या मतभेदांपैकी बहुतेक मतभेद हालचालीविषयीचे नसून शरीराविषयीचे आहेत. प्रत्येक जण स्वतःच्या अंगात जी वाट सापडली ती सांगतो. एकाच गुरूजवळ राहिलेली विद्यार्थिनी त्या गुरूच्या अंगाचीच नक्कल करू लागते, आणि तिची स्वतःची ठेवण वेगळी असेल तर ती नक्कल कधी बसत नाही. दोघांतिघांकडे शिकलेली मात्र ह्या साऱ्या वाटा कोठे एकत्र येतात ते शोधू लागते. तसा शोध घेणे भाग पाडणे हाच ह्या बहुगुरुत्वाचा खरा उपयोग होय. पण शोध घ्यावयाचा तर काही तरी स्थिर हवे. ते स्थिर कोठे आहे?

ते संगीतात आहे. इजिप्ती नृत्यात ठरावीक पावले नाहीत. ठरावीक आहेत ते ताल, व त्यांवरील घाव. येथील तालवाद्याला ‘तबला’च म्हणतात, पण ते एका तोंडाचे, मांडीवर आडवे धरून वाजवावयाचे वाद्य आहे, मधला जड घाव ‘दुम’ व काठावरचा हलका ‘तक’. आठ मात्रांचे एक आवर्तन घेतले तर ‘मकसूम’ हा ताल पहिलीवर दुम, दुसरीवर तक, चौथीवर तक, पाचवीवर दुम व सातवीवर तक असा पडतो. आता ह्यातील दुसऱ्या मात्रेचा तक काढून तेथे दुम ठेवा: ‘बलदी’ ताल झाला. तो पूर्ववत करून चौथ्या मात्रेचा तक बदलून तेथे दुम ठेवा: ‘सईदी’, म्हणजे दक्षिण इजिप्तचा ताल झाला. कागदावर एका घावाचा फरक. परंतु नर्तकीच्या शरीरात तो सारे पालटून टाकतो. बलदीत आरंभीच दोन जड घाव लागोपाठ आल्याने वजन खाली बसते. सईदीत जड घावांची जोडी आवर्तनाच्या मध्यावर येते, तेथे अंग उसळी घेते, आणि हाती काठी घेऊन करावयाचे ‘असाया’ नृत्य ह्याच उसळीवर उभे आहे. ज्या विद्यार्थिनीला हा फरक कानाने कळला तिला टाच उचलावी की टेकावी ह्याचे उत्तर कोणा शिक्षकाने न देताही मिळते, कारण ते उत्तर दर तालाला वेगळे असते. वर सांगितलेल्या दोन शिक्षकांपैकी एक सईदी शिकवीत होता व दुसरी बलदी, एवढ्यानेच पुष्कळदा वाद मिटतो. पुष्कळदा, नेहमी नव्हे.

तालाखेरीज वाद्यांचाही एक अलिखित करार असतो. कानून ह्या बहुतंत्री वाद्यावर सूर थरथरू लागला की कमरेचे कंपन, नय ह्या बासरीवर सूर लांबला की बाहू व धड ह्यांची संथ वलये. अकॉर्डियन हे युरोपातून आलेले वाद्य इजिप्ती कलावंतांनी पाव स्वरांसाठी फेरजुळणी करून पुरते आपलेसे केले, आणि आज बलदीचा विस्तार त्यावाचून सुचत नाही. ह्या विस्तारात आरंभी ताल नसतो; अकॉर्डियन एकटे आळविते आणि नर्तकी जागच्या जागी झुलत असते. मग अकॉर्डियन एक प्रश्न टाकते, तबला उत्तर देतो, व नर्तकीने ते उत्तर कमरेने झेलावयाचे. इजिप्ती वादक ह्याला ‘सुआल व गवाब’ म्हणतात. आपल्या कलगी-तुऱ्यातील सवाल-जबाब हे शब्द ह्याच अरबी जोडीचे आहेत. हळूहळू प्रश्नोत्तरे दाटत जातात, मकसूम धरला जातो, लय वाढते. ह्यातील काही आगाऊ ठरलेले नसते, पण कशानंतर काय यावयाचे ह्याचा क्रम सर्वांना ठाऊक असतो. ख्यालाच्या बैठकीस बसलेल्या श्रोत्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा प्रसंगी नर्तकीने वादकाच्या पुढे एक क्षणही धावता कामा नये, आणि तरी तिने मागाहून नाचल्यासारखे दिसता कामा नये. ही कला कोणत्याही एका शिक्षकाकडून येत नाही. ती अनेक वादकांबरोबर उभे राहून येते. म्हणून माझ्या मते बहुगुरुत्वाच्या हिशेबात वादकांनाही गुरू म्हणून मोजले पाहिजे, व मुहंमद अली रस्त्यावरील मुलीला हे गुरू दररोज, फुकट व जिवंत मिळत होते.

आजच्या विद्यार्थिनीची उणीव नेमकी येथे आहे. कॅसेट आली, ध्वनिमुद्रित संगीतावर लग्ने होऊ लागली, लहान पथकांचे पोट तुटले आणि त्या रस्त्यावरून अवालिम नाहीशा झाल्या. उलट परदेशांतून शिकण्यास येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. रकिया हसन ह्या रिदा-संघातील माजी नर्तकी व नामांकित शिक्षिका. त्यांनी २००० पासून कैरोत जो वार्षिक नृत्यमेळा भरविण्यास आरंभ केला तेथे देशोदेशीच्या स्त्रिया थोड्या दिवसांत अनेक शिक्षकांचे वर्ग करतात. २००३ मध्ये इजिप्त सरकारने परदेशी नर्तकींना परवाने न देण्याचे ठरविले व २००४ मध्येच ते मागे घेतले, ह्यावरून कैरोच्या रंगमंचावर त्यांचे प्रमाण किती झाले होते ते दिसते. असल्या मेळ्यात दोन-तीन तासांच्या वर्गात शिक्षक काय देऊ शकतो? तो एक बांधलेली रचना देतो, ठरलेल्या मुद्रित गीतावर. विद्यार्थिनी ती पाठ करते, ध्वनिचित्रफीत घेते, आणि दुसऱ्या वर्गाकडे धावते. अशा दहा रचना गोळा झाल्या म्हणजे दहा गुरू झाले असे तिला वाटते.

हे बहुगुरुत्व नव्हे, ही खरेदी होय. आणि तिचा दोष विद्यार्थिनीपेक्षा व्यवस्थेला अधिक द्यावयास हवा. रचना पाठ केल्याने पावले येतात. पण सवाल कोणीच टाकत नसल्यामुळे जबाब देण्याचे शिक्षण होत नाही. मुद्रित गीत शंभरदा लावले तरी शंभरदा तेच वाजते, यास्तव ऐकण्याची गरजच संपते. ज्या गोष्टीने विसंगत धड्यांना एकत्र बांधावयाचे तीच वगळली गेली, की ते धडे विसंगतच राहतात. दहा शिक्षकांकडे जाऊनही ज्यांचे नृत्य तुकड्यांचे दिसते व एखाद-दुसऱ्याकडे शिकून ज्यांचे सलग दिसते, त्यांच्यातील फरक शिक्षकांच्या संख्येचा क्वचितच असतो. कैरोतील काही शिक्षक म्हणूनच रचना देण्यास नाखूश असतात, वर्गात एखादा तबलजी बसवितात व त्याला मुद्दाम अनपेक्षित वाजवावयास सांगतात. अशा शिक्षकांकडे गर्दी कमी असते, हे सांगावयास नकोच.

शिक्षकांच्या क्रमाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण विद्यार्थिनींना खरी अडचण तेथे येते. आरंभीच परस्परविरोधी धडे घेतले तर गोंधळाशिवाय काही हाती लागत नाही. शरीर सुरक्षित ठेवून कंबर, गुडघे व पाठ स्वतंत्रपणे हलविण्यास लावणारा एकच शिक्षक वर्ष-दोन वर्षे धरावा, व त्या काळात दुसऱ्या कोणाचे केवळ पाहावे, असे मला वाटते. गुडघ्यांतून काढलेले कंपन व स्नायूंतून काढलेले कंपन एकाच महिन्यात शिकणारीस पाठीचे दुखणे मिळण्याचाच संभव अधिक. पुढे मात्र उलट करावे. ज्याचे नृत्य आपल्यासारखे आहे अशा शिक्षकाकडे न जाता ज्याचे नृत्य आपल्या अंगाला परके वाटते अशाकडे जावे. हलक्या अंगाच्या, फिरत्या नर्तकीने बलदीच्या जड बाईकडे, आणि जमिनीला चिकटलेलीने रिदा-पद्धतीच्या वर्गात. सामिया गमाल व तहिया करियोका ह्यांचे चित्रपट आज सर्वांस उपलब्ध आहेत. एकाच तालाची दोघींची नृत्ये आवाज बंद करून पाहावी व ताल कोणता ते ओळखण्याचा यत्न करावा. कोणत्याही वर्गाहून हा अभ्यास स्वस्त आहे.

एका गटाचा उल्लेख राहिला, तो गवाझींचा. लक्सर येथील माझिन कुटुंबातील बहिणी ह्या परंपरेतील शेवटच्या प्रसिद्ध नर्तकी समजल्या जातात, आणि त्यांपैकी खैरिया माझिन ह्यांनी आपल्याकडे येणाऱ्या परदेशी विद्यार्थिनींना हे नृत्य शिकविले. कमरेचे अखंड डावे-उजवे कंपन, बोटांत सतत चालणारे सागात, आणि शर्कीतील बाहूंच्या वलयांचा जवळजवळ अभाव: कैरोच्या रंगमंचाशी ह्याचे थोडेच साम्य आहे. स्वतःच्या समाजातील मुली मात्र हा पेशा पत्करण्यास पुढे आल्या नाहीत. परिणामी त्यांची विद्या आज ज्यांच्यापाशी आहे त्या विद्यार्थिनी निरनिराळ्या देशांत विखुरल्या आहेत. कोणी एक चाल नेली, कोणी सागातांची एक वाजवणूक, कोणी काही तासांचे चित्रण. उद्या लक्सरचे हे नृत्य कसे होते ह्याचा शोध घेऊ पाहणाऱ्यास ह्या सर्वजणींकडे जावे लागेल, प्रत्येकीच्या अंगात तिच्या इतर शिक्षकांचे काय मिसळले आहे ते आधी वेगळे काढावे लागेल, आणि त्या कामी प्रत्येक चित्रणातील तबल्याचे व मिझमार नामक सनईचे वादनच प्रथम लिहून घ्यावे लागेल.